बोलावलं कुणी आणि आलं कोण? चिकनगुनियाची सांधेदुखी आणि केमोकाइन्स

केज तालुक्यातल्या कुठल्याही गावात चाळिशीच्या माणसाला चिकनगुनियाबद्दल विचारून बघा. तापाबद्दल तो फारसं बोलणार नाही. ताप चार दिवसांत उतरतो. लक्षात राहतात ते सांधे: सकाळी उठताना धरलेले घोटे, न वळणारी बोटं, आणि हे सगळं कधी कधी महिनोन् महिने.

आपल्या भागात ही गोष्ट साधी नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाचा सगळा हिशोब त्याच्या हातावर असतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. आणि एडिस डासामुळे होणारे आजार वाढतात तेही पावसाळा सरता सरता, म्हणजे नेमके त्याच्या तोंडावर. बोटांचे सांधे सुजले की कोयता मुठीत बसत नाही. नवरा-बायकोच्या जोडीलाच आपल्याकडे 'एक कोयता' म्हणतात. त्यातला एक जण आडवा झाला की अख्खा कोयता बसला. चिकनगुनियाने माणूस सहसा दगावत नाही म्हणून तो 'किरकोळ' समजला जातो, पण हा हिशोब कुठल्याच मृत्युदरात दिसत नाही.

आता संशोधनाच्या नजरेतून बघू. विषाणू रक्तात साधारण आठवडाभर सापडतो, नंतर सापडत नाही. मग सूज कशाची? थोडक्यात उत्तर असं: सांध्यातली बरीचशी सूज विषाणूने थेट केलेली नसते, तिथं बोलावलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशींची असते. त्यांना बोलावणाऱ्या छोट्या प्रथिनांना केमोकाइन म्हणतात. आजचा लेख त्यांच्यावर आहे. पण 'केमोकाइन म्हणजे काय' एवढं सांगून मी थांबणार नाही. ते तर कुठल्याही गाइडमध्ये मिळेल. उंदरांवरचे दोन प्रयोग सांगणार आहे, ज्यांची उत्तरं वरवर एकमेकांच्या अगदी उलट आली. ती उलट का आली हे समजलं, की केमोकाइन खऱ्या अर्थाने समजलं असं समजा.

बार्शी, १९७३

भारतात चिकनगुनियाची पहिली मोठी साथ १९६३ मध्ये कोलकात्यात नोंदली गेली. पुढच्या दोन वर्षांत चेन्नई, विशाखापट्टणम, नागपूर अशा शहरांतून ती दिसली. मग १९७३ मध्ये साथ आली ती आपल्या अगदी शेजारी, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत. केजहून कळंब, येरमाळा करत गेलं की लागते तीच बार्शी. या साथीचा अभ्यास पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने केला. १९५२ मध्ये सुरू झालेली हीच संस्था १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे आपण जिला एनआयव्ही म्हणतो, या नावाने ओळखली जाते.

बार्शीनंतर तीसेक वर्षं देशात मोठी साथ नाही. २००५ च्या शेवटी विषाणू परत आला. २००६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एकट्या मालेगावात दोन हजारांवर रुग्ण नोंदले गेले, आणि त्या वर्षभरात देशात संशयित रुग्णांचा आकडा १३ लाखांच्या पुढे गेला. मराठवाडाही त्यातून सुटला नाही. या वेळचा विषाणू जुन्या आशियाई वंशाचा नव्हता, आफ्रिकी वंशाचा होता, हे एनआयव्हीच्या तपासणीत कळलं. (नावाचा कोंबडीशी काही संबंध नाही. टांझानियाच्या मकोंडे भाषेतला हा शब्द आहे, अर्थ साधारण 'वाकवून टाकणारा'.)

डासाचं गणितही आपल्याकडचंच आहे. एडिस इजिप्ती घाण पाण्यात वाढत नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. जिथं नळाला रोज पाणी नाही, तिथं रांजण, ड्रम, सिमेंटची टाकी भरून ठेवावीच लागते. टंचाई हीसुद्धा डासाची सोय आहे.

आता एक मुद्दा नीट लक्षात घ्या. बार्शीच्या वेळी शास्त्रज्ञ विषाणू वेगळा करू शकत होते, रुग्ण मोजू शकत होते, डास पकडू शकत होते. पण ताप गेल्यावर सांध्यात नेमकं काय चालतं हे सांगायला लागणारे रेणूच तोवर सापडलेले नव्हते. न्यूट्रोफिल पेशींना ओढणारं प्रथिन, ज्याला आपण आज इंटरल्यूकिन-८ किंवा सीएक्ससीएल८ म्हणतो, ते १९८७ मध्ये वेगळं केलं गेलं. मोनोसाइट पेशींना ओढणारं एमसीपी-१, आजचं नाव सीसीएल२, त्यानंतर १९८९ मध्ये. आपल्या गोष्टीतलं मुख्य पात्र हे सीसीएल२ आहे.

केमोकाइन: आधी नाव, मग काम

केमोकाइन ही आकाराने लहान प्रथिनं, साधारण ८ ते १२ किलोडाल्टनची. माणसाचं सीसीएल२ अवघ्या ७६ अमिनो आम्लांचं असतं. माणसात अशी पन्नासच्या आसपास प्रथिनं आहेत, आणि त्यांचा निरोप पेशीच्या आत पोचवणारे रिसेप्टर वीसच्या आसपास. हे दोन आकडे आत्ताच मनात ठेवा, पुढे लागणार आहेत.

नावांना घाबरू नका. २००० साली ठरलेली पद्धत सोपी आहे. प्रथिनाच्या सुरुवातीला सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाच्या जागा बघायच्या. दोन सिस्टीन शेजारी-शेजारी असतील तर सीसी. मध्ये दुसरं एखादं अमिनो आम्ल असेल तर सीएक्ससी. मध्ये तीन असतील तर सीएक्स३सी. आणि सुरुवातीला एकच असेल तर एक्ससी. पुढे 'एल' आलं तर ते प्रथिन, 'आर' आलं तर त्याचा रिसेप्टर. म्हणजे सीसीएल२ हे केमोकाइन आणि सीसीआर२ हा मोनोसाइटच्या अंगावरचा त्याचा रिसेप्टर. नेटच्या परीक्षेत एवढ्यावर एखादा गुण नक्की सुटतो.

रिसेप्टर पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार गेलेला असतो आणि आतल्या बाजूला जी-प्रथिनाला, बहुतेक वेळा 'जीआय' प्रकाराला, जोडलेला असतो. हे पाठ करण्यापेक्षा एक उदाहरण लक्षात ठेवा. डांग्या खोकल्याच्या जिवाणूचं विष नेमकं हे जीआय बंद पाडतं. मग लिम्फोसाइट पेशींना रक्तातून लसीका गाठींत शिरण्याचा निरोप कळत नाही, त्या रक्तातच फिरत राहतात, आणि डांग्या खोकल्याच्या मुलाच्या रक्ततपासणीत लिम्फोसाइट भरपूर वाढलेले दिसतात. लॅबच्या रिपोर्टवरचा तो आकडा म्हणजे बंद पडलेली केमोकाइन यंत्रणा.

निरोपात दिशा कुठून येते?

इथं जरा थांबू, कारण बहुतेक विद्यार्थी इथून घाईने पुढे जातात.

गुऱ्हाळ चालू आहे अशा शिवारात तुम्ही उभे आहात. काकवीचा वास येतोय. वास सगळीकडे अगदी सारखा असेल, तर गुऱ्हाळ जवळपास आहे एवढंच कळेल. कुठल्या बाजूला आहे ते नाही. चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे चालून वास कुठे वाढतो हे बघाल तेव्हा दिशा कळेल. पेशीचंही तसंच आहे. तिला केमोकाइन 'किती' आहे यापेक्षा 'कुठल्या बाजूला जास्त' आहे हे महत्त्वाचं. या चढ-उताराला ग्रेडियंट म्हणतात. फरक एवढाच की पेशीला चालून बघावं लागत नाही. दहा-बारा मायक्रोमीटरच्या अंगावर पुढच्या टोकाला आणि मागच्या टोकाला एक-दोन टक्क्यांचा फरक असला, तरी न्यूट्रोफिलला तो जाणवतो. ज्या बाजूला रिसेप्टर जास्त भरले, त्या बाजूला ॲक्टिनचे धागे वाढतात, पेशीचा पाय पुढे सरकतो, मागची बाजू आक्रसते.

पण रक्तवाहिनीत ग्रेडियंट टिकणार कसा? मांजरेला पूर आलेला असताना पाण्यात रंग टाकला तर तो जागेवर राहील का? केमोकाइनही असंच वाहून गेलं असतं. म्हणून ते रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवरच्या हेपरान सल्फेट नावाच्या साखळ्यांना चिकटून राहतं. वरून वाहत जाणारी पांढरी पेशी आधी सिलेक्टिनच्या मदतीने भिंतीवरून घरंगळते, तिला चिकटलेलं केमोकाइन लागतं, त्याबरोबर तिच्यावरचे इंटेग्रिन घट्ट होतात, ती थांबते आणि भिंतीच्या पेशींमधून वाट काढून बाहेर ऊतीत शिरते. घरंगळणं, निरोप मिळणं, थांबणं, आत शिरणं: क्रम एवढाच. यातली कुठलीही एक पायरी अडली तर पुढची होत नाही.

सांध्यात काय होतं?

चिकनगुनियाचा विषाणू सांध्याच्या अस्तरातल्या, स्नायूतल्या आणि जोडऊतीतल्या पेशींत शिरतो. त्या पेशी इंटरफेरॉन तयार करतात आणि सोबत सीसीएल२ सारखी केमोकाइनही सोडतात. ती ऐकून रक्तातले मोनोसाइट येतात, सांध्यात त्यांचे मॅक्रोफेज होतात. मॅक्रोफेज टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ सोडतात आणि स्वतःही सीसीएल२ सोडतात. म्हणजे बोलावल्यावर आलेला पाहुणा दारात उभा राहून आणखी पाहुण्यांना हाका मारतो. चिकनगुनियाच्या रुग्णांच्या रक्तात सीसीएल२ वाढलेलं असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

विषाणू पूर्ण जातो का, हाही प्रश्न आहेच. २००५-०६ च्या मोठ्या साथीनंतर रेयुनियन बेटावरच्या एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात दीड वर्षानंतरही विषाणूचा आरएनए सापडला होता. तेव्हा 'विषाणू गेला, उरली ती फक्त सूज' असं सरळ वाक्य लिहू नका. रक्तात नाही, याचा अर्थ कुठेच नाही असा होत नाही.

दोन प्रयोग, दोन उलटी उत्तरं

आता मूळ मुद्दा. प्रौढ उंदराच्या पंजात चिकनगुनियाचा विषाणू टोचला की पंजा सुजतो. सूज सहाव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत जास्त असते, आणि त्या पंजात मोनोसाइट-मॅक्रोफेजची गर्दी असते. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या गटाने २०१० मध्ये हे मॉडेल प्रसिद्ध केलं. सूज याच पेशींमुळे असेल, तर त्यांना येऊ दिलं नाही की सूज कमी व्हायला हवी. तर्क सरळ आहे.

पहिला प्रयोग. बिंडारिट नावाचं एक औषधी संयुग सीसीएल२ आणि त्याच्या जवळच्या भावंडांची निर्मिती कमी करतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चिकनगुनिया झालेल्या उंदरांना बिंडारिट दिलं. सांध्यातली आणि स्नायूतली सूज कमी झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या कामात हाडांची झीजही कमी दिसली. तर्क बरोबर निघाला असं वाटलं.

दुसरा प्रयोग. २०१४ मध्ये ब्रिस्बेनच्या गटाने ज्या उंदरांत सीसीआर२ चं जनुकच नाही असे उंदीर घेतले. बोलावणं आहे पण ऐकणारा कानच नाही. अपेक्षा हीच, की मोनोसाइट येणार नाहीत आणि सूज कमी होईल. मोनोसाइट खरंच फारसे आले नाहीत. पण सूज कमी व्हायच्या ऐवजी वाढली, जास्त दिवस टिकली, आणि कूर्चेचं नुकसान झालं. पंजात आता न्यूट्रोफिलची गर्दी होती, आणि त्यांच्यामागून इओसिनोफिलही आले.

दोन्ही प्रयोगांत अडवलेला रस्ता एकच: सीसीएल२ ते सीसीआर२. एकात उंदीर सुधारला, दुसऱ्यात बिघडला. मुलाखतीत गाइडने तुम्हाला विचारलं, 'यातला खरा कुठला?' तर काय सांगाल?

दोन्ही खरे आहेत, हे उत्तर. पण ते का, हे टप्प्याटप्प्याने बघायला हवं.

उलटी उत्तरं कशी वाचायची?

पहिली गोष्ट, कमी करणं आणि नसणं यात फरक आहे. बिंडारिटने बोलावण्याचा आवाज बारीक केला. काही मोनोसाइट तरीही आलेच असणार. जनुक काढलेल्या उंदरात मात्र तो आवाज कुणालाच ऐकू येत नव्हता. थोडी गर्दी आणि अजिबात गर्दी नाही, या दोन परिस्थितींतून शरीर वेगवेगळ्या वाटा काढू शकतं.

दुसरी गोष्ट, कधीपासून? औषध आजाराच्या वेळी दिलं जातं. जनुक नसलेला उंदीर जन्मापासून तसा असतो. विषाणू टोचायच्या आधीच त्याची पेशींची व्यवस्था वेगळी असते.

तिसरी गोष्ट, कुठे? ही सगळ्यांत जास्त निसटते. सीसीआर२ चं काम फक्त सांध्याच्या दारात नसतं. मोनोसाइट अस्थिमज्जेत तयार होतात, आणि तिथून रक्तात उतरायलाही त्यांना सीसीआर२ लागतो, हे २००६ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे या उंदरात मोनोसाइट सांध्यापर्यंत पोचले नाहीत ते सांध्याचं दार बंद होतं म्हणून की गावातून गाडीच सुटली नाही म्हणून? पंजाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली बघून दोन्हींचं चित्र एकच दिसतं. रक्तातले मोनोसाइट मोजल्याशिवाय आणि अस्थिमज्जा तपासल्याशिवाय यातला फरक कळत नाही.

चौथी गोष्ट, आलेल्या पेशी फक्त नासधूस करत नाहीत. २०१० च्याच मॉडेलमध्ये क्लोड्रोनेट वापरून मॅक्रोफेज कमी केले तेव्हा सूज कमी झाली, पण विषाणू रक्तात जास्त प्रमाणात आणि जास्त दिवस राहिला. आग विझवायला आलेले लोक अंगणातली झाडं तुडवतात हे खरं. पण म्हणून त्यांना वेशीवरच अडवलं तर आग कोण विझवणार? मॅक्रोफेज मेलेल्या पेशी उचलतात, न्यूट्रोफिलचा पसारा आवरतात, आणि जखम भरून यायचे संकेतही देतात. ते नसतील तर न्यूट्रोफिलला रान मोकळं.

पाचवी गोष्ट, सुरुवातीचे दोन आकडे आठवा. केमोकाइन पन्नासच्या आसपास, रिसेप्टर वीसच्या आसपास. म्हणजे एक रिसेप्टर अनेकांचं ऐकतो. माणसाचा सीसीआर२ हा सीसीएल२ बरोबरच सीसीएल७, सीसीएल८ आणि सीसीएल१३ यांचंही ऐकतो. उलट एका केमोकाइनचे अनेक रिसेप्टरही असू शकतात. शिवाय न्यूट्रोफिलची वाट वेगळीच. ते सीएक्ससीएल१ सारख्यांच्या हाकेला येतात. एका रस्त्यावर बॅरिकेड लावलं की वाहतूक थांबत नाही, दुसऱ्या रस्त्याने वळते, आणि वळलेली वाहतूक पहिल्यापेक्षा जास्त त्रासदायक असू शकते.

यामुळेच केमोकाइन अडवून सूज कमी करायची औषधं कागदावर जितकी सोपी वाटली तितकी निघाली नाहीत. संधिवाताच्या रुग्णांत सीसीआर२ अडवणाऱ्या प्रतिपिंडाची चाचणी झाली, २००८ मध्ये निकाल आला, आणि सांध्यांना फायदा दिसला नाही. याच्या उलट, याच कुटुंबातल्या रिसेप्टरवरची दोन औषधं यशस्वी झाली. एचआयव्ही पेशीत शिरायला सीसीआर५ चं दार वापरतो. ते दार बंद करणारं मॅराव्हिरॉक २००७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. मूलपेशींना अस्थिमज्जेत धरून ठेवणारा सीसीआर नव्हे, सीएक्ससीआर४. त्याला अडवून मूलपेशी रक्तात आणणारं प्लेरिक्साफोर २००८ मध्ये. दोन्हींचा प्रश्न नेमका होता: एक दार, एक काम. सुजेचा प्रश्न तसा नसतो. तिथं दारं बरीच, आणि आत येणारा पाहुणा मदतनीसही असतो.

तुमच्या प्रोजेक्टसाठी यातून काय घ्यायचं?

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये किंवा पीएच.डी.च्या प्रस्तावात केमोकाइनवर काही करायचं मनात असेल, तर तीन गोष्टी आधीच ठरवून ठेवा.

एक, पेशी आली म्हणजे ती बोलावल्यामुळेच आली, असं गृहीत धरू नका. १९६२ मध्ये स्टीफन बॉयडन यांनी एक साधी युक्ती काढली: वर पेशी, खाली रसायन, मध्ये सूक्ष्म छिद्रांचा पडदा. आजचं ट्रान्सवेल हे त्याचंच रूप. खाली केमोकाइन टाकलं आणि जास्त पेशी उतरल्या, तर लगेच 'दिशेने गेल्या' असं लिहायचा मोह होतो. पण केमोकाइनने पेशी नुसत्याच चळवळ्या झाल्या असतील तरी जास्त पेशी खाली पडतीलच. म्हणून वर-खाली दोन्हीकडे सारखंच केमोकाइन टाकूनही बघायचं. तेव्हाही तेवढ्याच पेशी उतरल्या, तर ती दिशा नाही, नुसती हालचाल आहे. वरच्या आणि खालच्या प्रमाणांची अशी पूर्ण चौकट मांडायची पद्धत सॅली झिगमंड आणि जेम्स हर्श यांनी १९७३ मध्ये दिली, म्हणजे बार्शीत साथ होती त्याच वर्षी. पद्धत जुनी आहे, पण हा कंट्रोल अजूनही कितीतरी प्रोजेक्टमध्ये सुटलेला असतो.

दोन, रक्तातलं प्रमाण म्हणजे ग्रेडियंट नव्हे. रुग्णाच्या रक्तात एलायझाने सीसीएल२ मोजणं सोपं आहे, आणि आपल्याकडच्या बऱ्याच लॅबमध्ये तेवढंच शक्य असतं. ते जरूर मोजा. पण त्यावरून 'सांधा मोनोसाइटना बोलावतोय' असं म्हणता येत नाही. सांध्यात जास्त आणि रक्तात कमी असेल तर ओढ सांध्याकडे. उद्या रक्तातच प्रमाण भरमसाठ वाढलं, तर फरक कमी होऊन ओढ उलट घटू शकते. शक्य असेल तिथं सांध्यातल्या द्रवाचा आणि रक्ताचा नमुना एकाच रुग्णाचा, एकाच दिवशी घ्या. शक्य नसेल तर निष्कर्षाचं वाक्य तेवढंच आखूड ठेवा.

तीन, अडवण्याचा प्रयोग असेल तर फक्त 'कोण आलं नाही' हे मोजून थांबू नका. 'त्याच्या जागी कोण आलं' हेही मोजा. सीसीआर२ च्या त्या प्रयोगात नुसते मोनोसाइट मोजले असते, तर ते कमी दिसले असते आणि प्रयोग यशस्वी वाटला असता. सूज, कूर्चा आणि न्यूट्रोफिल मोजले म्हणून खरी गोष्ट बाहेर आली.

एक व्यवहाराची गोष्टही सांगून टाकते. चिकनगुनियावर विषाणू मारणारं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. ताप आणि दुखण्यावर उपचार होतात. डेंग्यू आणि चिकनगुनिया एकाच डासामुळे, एकाच मोसमात येतात, म्हणून डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयब्रुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, रक्तस्रावाचा धोका असतो. घरी कुणी मेडिकलवरून 'सांध्याची गोळी' आणायला निघालं, तर आधी डॉक्टरांकडे पाठवा. लेख वाचून कुणी सीसीएल२ अडवायचा काढा शोधू नये, हे वेगळं सांगायला नको.

शेवटी तुमच्यासाठी एक प्रश्न सोडते. तोंडी परीक्षेत विचारण्यासारखा आहे. समजा तुमच्याकडे सीसीआर२ असलेले आणि नसलेले, दोन्ही प्रकारचे उंदीर आहेत. असलेल्या उंदराची अस्थिमज्जा नसलेल्यात आणि नसलेल्याची असलेल्यात बसवायची सोय आहे. शिवाय निरोगी उंदराचे मोनोसाइट रंगवून थेट रक्तात सोडता येतात. 'दार बंद' आणि 'गाडीच सुटली नाही' यातला फरक दाखवायला तुम्ही कुठला प्रयोग आधी कराल, कुठला कंट्रोल ठेवाल, आणि कुठलं उत्तर आलं तर स्वतःची कल्पना चुकली असं मानाल? हे तिसरं उत्तर प्रयोग करायच्या आधी कागदावर लिहून ठेवा. ज्याला ते लिहिता येतं, त्याचा प्रस्ताव अर्धा तयार झाला.